आकडा पोहोचतो, पण तो कशाचा? जोडलेल्या उपकरणांसाठी ऑन्टॉलॉजीचा उपयोग

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोठ्या इमारतीत तापमान आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर, खिडक्यांची स्थिती सांगणारे सेन्सर, गरम पाण्याचे व्हॉल्व्ह, वातानुकूलन यंत्रणा आणि वीजमीटर अशी चार-पाच उत्पादकांची उपकरणे बसवलेली आहेत. ती सगळी गेटवेमार्गे एकाच मेसेज ब्रोकरला (संदेश घेऊन वाटणाऱ्या सर्व्हरला) जोडलेली आहेत आणि संदेश वेळेवर पोहोचतात. तरीही ‘खिडकी उघडी असेल तर त्या खोलीचे हीटिंग बंद ठेवावे’ इतका साधा नियमसुद्धा प्रत्येक खोलीसाठी वेगळा, हाताने लिहावा लागतो. अशा ठिकाणी ऑन्टॉलॉजीचा, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातील संबंध यंत्राला कळेल अशा समाईक शब्दांत मांडण्याच्या पद्धतीचा, खरोखर उपयोग होतो का, होत असेल तर कोणती निवडावी आणि कामाला सुरुवात कुठून करावी?

उपयोग होतो, हे मी अशा प्रणालींवर बरीच वर्षे काम केल्यानंतर निःशंकपणे सांगू शकतो. मात्र तो नेमका कशासाठी होतो हे आधी नीट समजून घेतले नाही, तर चुकीच्या जागी खूप मेहनत वाया जाते. म्हणून निवडीच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी अडचण कुठे आहे ते जवळून पाहू.

एकाच खोलीतील एकाच क्षणाचे तापमान चार मार्गांनी आले असे समजा. पहिला संदेश २१.५ सांगतो, दुसरा ७०.७, तिसरा २९४.६५ आणि चौथा २१५०. पहिला सेल्सिअसमध्ये आहे, दुसरा फॅरनहाइटमध्ये, तिसरा केल्विनमध्ये, आणि चौथा झिगबी किंवा मॅटर या उपकरणे जोडण्याच्या मानकांच्या पद्धतीने अंशाच्या शंभराव्या भागात आहे. हा फरक त्रासदायक असला तरी तो निदान डोळ्यांना दिसतो. खिडकीच्या सेन्सरचे तसे नसते. मॅटरमध्ये संपर्क-सेन्सरचे ‘ट्रू’ हे मूल्य दोन्ही भाग एकमेकांना टेकलेले आहेत, म्हणजे खिडकी बंद आहे, असे सांगते. होम असिस्टंट या घर-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकीच्या सेन्सरची ‘ऑन’ ही स्थिती खिडकी उघडी असल्याचे दाखवते. दोन्ही ठिकाणी एकच बिट आहे, दोन्ही ठिकाणी दस्तऐवज बिनचूक आहे आणि अर्थ नेमका उलटा आहे. व्हॉल्व्हच्या बाबतीतही हेच घडते. ‘नॉर्मली ओपन’ प्रकारच्या व्हॉल्व्हला वीज मिळाली की तो बंद होतो, त्यामुळे १०० टक्के हा आदेश एका व्हॉल्व्हला पूर्ण उघडतो, तर दुसऱ्याला पूर्ण मिटवतो.

प्रोटोकॉल इथे कमी पडलेला नाही. संदेश जसाच्या तसा पोहोचवणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने केले. उरलेला गोंधळ अर्थाचा आहे, आणि त्याचेही दोन थर आहेत. पहिला थर मूल्य कसे वाचावे याचा असतो: एकक, प्रमाण, उलट-सुलट संकेत. हा थर उत्पादकाला माहीत असतो आणि सर्वांनी एक मानक पाळले तर तो सुटतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटरच्या पहिल्या आवृत्तीने घरगुती उपकरणांपुरते हेच काम बऱ्याच अंशी केले. दुसरा थर मात्र कोणताही उत्पादक सोडवू शकत नाही, कारण त्याचे उत्तर उपकरण कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा अस्तित्वातच नसते. सेन्सरला तापमान किती हे कळते. ते खोलीतल्या हवेचे आहे, परतीच्या डक्टमधल्या (हवा वाहून नेणाऱ्या नळीतल्या) हवेचे आहे की नळातल्या पाण्याचे आहे, हे त्याला कधीच कळत नाही. ते ज्ञान तो सेन्सर स्क्रूने बसवणाऱ्या माणसाच्या डोक्यात असते, फार तर त्याने ठेवलेल्या ‘एएचयू१_आरए_टी’ (पहिले हवा-यंत्र, परतीची हवा, तापमान) अशा नावात अर्धवट उतरते. माझ्या मते ऑन्टॉलॉजीचे या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम म्हणजे बसवणाऱ्याचे हे ज्ञान यंत्राला वाचता येईल अशा रूपात जतन करणे. बाकीचे लाभ त्यानंतरचे आहेत.

ऑन्टॉलॉजी हा शब्द तत्त्वज्ञानातून आला असला तरी संगणकशास्त्रात त्याचा अर्थ बराच मर्यादित आहे. टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केलेली व्याख्या आजही वापरली जाते. तिचा आशय असा की, एखाद्या क्षेत्राकडे आपण ज्या संकल्पनांमधून पाहतो त्यांचे उघडपणे मांडलेले, नेमके वर्णन म्हणजे ऑन्टॉलॉजी. व्यवहारात त्यात वर्ग असतात (सेन्सर, खोली, व्हॉल्व्ह), त्यांच्यातील संबंध असतात (‘मोजतो’, ‘पुरवतो’, ‘चा भाग आहे’) आणि त्या संबंधांविषयीचे काही नियम असतात. प्रत्यक्ष माहिती आरडीएफ या मानकाच्या ट्रिपलमध्ये, म्हणजे कर्ता, संबंध आणि कर्म अशा तीन पदांच्या विधानांत लिहिली जाते. आकड्यांसारखी साधी मूल्ये सोडली तर पदांना सहसा जागतिक पातळीवर एकमेव ओळख असते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली विधाने एकत्र करताना नावांची टक्कर होत नाही.

समाईक भाषेचा हिशेबही स्वच्छ आहे. दहा प्रणालींची दोन-दोन करून थेट भाषांतरे लिहायची, तर ४५ जोड्या होतात आणि दोन्ही दिशा धरल्या तर ९० भाषांतरे. प्रत्येकीने एका समाईक संकल्पनासंचाशी नाते जोडले, तर जाण्या-येण्याची मिळून २० पुरतात, आणि अकरावी प्रणाली आली की आधीच्या दहांपैकी कोणालाही हात लावावा लागत नाही.

आता निवडीविषयी. ‘सर्वांत चांगली ऑन्टॉलॉजी कोणती’ हा प्रश्नच फसवा आहे, कारण ज्यांची नावे नेहमी घेतली जातात त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. डब्ल्यूथ्रीसी (वेबची मानके ठरवणारी संस्था) आणि ओजीसी (भौगोलिक माहितीची मानके ठरवणारी संस्था) यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेली एसएसएन आणि तिचा हलका गाभा असलेली सोसा निरीक्षणाची रचना सांगतात: कोणत्या सेन्सरने, कोणत्या वस्तूचा, कोणता गुणधर्म, केव्हा मोजला आणि निष्पत्ती काय आली. एट्सी या युरोपीय मानक संस्थेची सारेफ उपकरणाची कार्ये, आदेश आणि अवस्था यांवर भर देते आणि ऊर्जा, इमारती, शेती अशा क्षेत्रांसाठी तिच्या स्वतंत्र शाखा आहेत. ब्रिक ही इमारतींसाठीच घडवलेली असून कोणते यंत्र कोणाला हवा किंवा पाणी पुरवते, हे तिच्यात फार सहज लिहिता येते. डब्ल्यूथ्रीसीचे थिंग डिस्क्रिप्शन, जे २०२० मध्ये शिफारस म्हणून स्वीकारले गेले, ते उपकरणाशी बोलायचे कसे हे सांगते: कोणते गुणधर्म वाचता येतात, कोणत्या कृती करवून घेता येतात, कोणत्या घटना ते कळवते, आणि त्यासाठी कोणत्या पत्त्यावर कोणत्या प्रोटोकॉलने जावे. प्रश्नात वर्णन केलेल्या इमारतीसाठी मी ब्रिकचा सांगाडा घेईन, संपर्कासाठी थिंग डिस्क्रिप्शन वापरेन आणि निरीक्षणांची देवाणघेवाण बाहेरच्या कोणाशी करायची असेल तेवढ्यापुरती सोसा जोडेन. स्वतःची नवी ऑन्टॉलॉजी शून्यापासून लिहिण्याचा मोह मात्र टाळावा. स्वतःचे शब्द लागतीलच, पण ते प्रस्थापित वर्गांचे उपवर्ग म्हणून जोडावेत, म्हणजे तुमचा खास शब्द न कळणाऱ्या प्रोग्रामलाही निदान ‘हा एक तापमान-सेन्सर आहे’ एवढे समजेल.

सोसामधील एक संकल्पना मात्र, तुम्ही ती ऑन्टॉलॉजी वापरा किंवा वापरू नका, आत्मसात करण्यासारखी आहे. निरीक्षण ज्या वस्तूविषयी असते तिला, म्हणजे निरीक्षणाच्या विषयाला, तिथे सेन्सरपासून आणि सेन्सर ज्यावर बसवला आहे त्या आधारापासून स्पष्टपणे वेगळे ठेवले आहे. भिंतीवर बसवलेला सेन्सर भिंतीचे तापमान मोजत नाही, खोलीतल्या हवेचे मोजतो. हे सांगण्याची गरजच काय, असे वाटू शकते. मला ती गरज एका नूतनीकरणाच्या वेळी पटली.

एका कार्यालयाच्या इमारतीत आम्ही सेन्सरची नावे खोलीच्या क्रमांकावरून ठेवली होती आणि नियंत्रणाचे सगळे नियम त्या नावांवर चालत होते. पुढे एका मजल्यावरची पार्टिशन हलवली गेली. सेन्सर जागचा हलला नाही, त्याचे नाव बदलले नाही, संदेशही पूर्वीप्रमाणेच येत राहिले. फक्त त्याच्याभोवतीची खोली बदलली. त्यानंतर कित्येक आठवडे एका बैठकीच्या खोलीतील गर्दीमुळे वाढणारे तापमान शेजारच्या खोलीचे हीटिंग बंद करत होते आणि त्या खोलीतील माणसे थंडीची तक्रार करत होती. आम्ही आधी व्हॉल्व्ह तपासला, मग कंट्रोलर, मग नेटवर्क. प्रत्येक उपकरण निर्दोष होते. चूक होती ती आम्ही सेन्सरची ओळख आणि तो ज्याविषयी बोलतो त्या खोलीची ओळख एकाच नावात कोंबली होती ही. सेन्सर एक वस्तू, खोली दुसरी वस्तू आणि त्यांच्यातील संबंध हे स्वतंत्र विधान अशी मांडणी असती, तर पार्टिशन हलल्यावर एक विधान बदलून काम भागले असते. त्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट शिकलो: असे विधान पुसून नवे लिहू नये. ते कधीपासून कधीपर्यंत खरे होते याची तारीख त्याच्याबरोबर ठेवावी, कारण गेल्या वर्षीची मापने आजही जुन्या खोलीचीच असतात.

एककांच्या बाबतीत स्वतःचे शब्द मुळीच बनवू नयेत. क्यूयूडीटीसारखी तयार शब्दसंपदा वापरावी. इथे एक बारकावा वारंवार निसटतो. ५ अंश सेल्सिअस तापमान म्हणजे ४१ अंश फॅरनहाइट, परंतु ५ अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे केवळ ९ अंश फॅरनहाइट. ‘सेटपॉइंटपेक्षा (ठरवून दिलेल्या तापमानापेक्षा) ५ अंशांनी कमी’ हे मूल्य साध्या तापमानाप्रमाणे रूपांतरित झाले, की नियंत्रण पूर्ण भरकटते. म्हणून एककाबरोबर राशीचा प्रकारही नोंदवावा: हे तापमान आहे की तापमानातील फरक.

यानंतर ज्या ठिकाणी बहुतेक नवे गट अडखळतात तिकडे येतो. डेटाबेसच्या सवयीने ऑन्टॉलॉजीकडे पाहिले, तर ‘या संबंधाचा कर्ता खोली असतो’ हा नियम तपासणीसारखा वाटतो. म्हणजे खोली सोडून कोणाला तो संबंध जोडला तर प्रणाली चूक दाखवेल, अशी अपेक्षा असते. ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या मानक भाषेत तसे होत नाही. तिथे तो नियम अनुमानाचा असतो. चुकून तो संबंध एखाद्या डक्टला जोडला, तर रीझनर (नियमांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) तक्रार न करता शांतपणे असा निष्कर्ष काढतो की हा डक्ट खोलीसुद्धा आहे, आणि मग तुमच्या ‘सर्व खोल्या दाखवा’ या क्वेरीत डक्ट येऊ लागतात. तसेच एखाद्या सेन्सरचे एकक लिहिलेलेच नसेल, तरी ओडब्ल्यूएलच्या दृष्टीने ती चूक नसते. एकक असेल, फक्त आपल्याला अजून माहीत नाही, असे ते मानते. जगभर विखुरलेल्या, कायम अपुऱ्या असणाऱ्या माहितीसाठी ही भूमिका योग्यच आहे, पण व्हॉल्व्ह चालवण्यापूर्वी आपल्याला खात्री हवी असते. त्यासाठी २०१७ मध्येच मानक झालेले शॅकल (माहिती तपासण्याचे नियम लिहिण्याची भाषा) वापरावे. ‘प्रत्येक सेन्सरला नेमका एक राशीप्रकार, नेमके एक एकक आणि निरीक्षणाचा एक तरी विषय असलाच पाहिजे’ असे तीन-चार नियम शॅकलमध्ये लिहून ते प्रत्येक बदलाच्या वेळी आपोआप चालवले, तर निम्म्याहून अधिक घोटाळे दारातच अडतात, असा माझा अनुभव आहे. सोसाच्या कर्त्यांनी कडक कर्ता-कर्म नियमांऐवजी जाणीवपूर्वक सौम्य सूचना वापरल्या आहेत, त्यामागेही असे अनपेक्षित निष्कर्ष टाळण्याचाच विचार आहे.

‘दोन्ही एकच आहेत’ असे सांगणारा ओडब्ल्यूएलचा सेमअ‍ॅज हा संबंधही फार जपून वापरावा. हवेचा झोन (इमारतीचा एकत्र नियंत्रित होणारा भाग) आणि खोली यांना एकच ठरवणे सोपे वाटते, परंतु एका झोनमध्ये तीन खोल्या असू शकतात, आणि झोन प्रत्येक खोलीशी ‘एकच’ ठरला की तिन्ही खोल्याही आपोआप एकमेकींशी एकच होतात.

आता ही माहिती ठेवायची कुठे? सेन्सरमध्ये नव्हे. झिगबी आणि थ्रेड ही बिनतारी नेटवर्क ज्या रेडिओ मानकावर चालतात त्यात एका फ्रेमची मर्यादा १२७ बाइट आहे. एक लांबलचक वेब-पत्ताच तिचा मोठा भाग खाऊन टाकेल. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाने आपला चार बाइटांचा आकडा पाठवत राहावे आणि त्याचे वर्णन गेटवेवर किंवा सर्व्हरवर एकदाच ठेवावे, हेच शहाणपणाचे. संदेश जेसनमध्ये (नाव-मूल्यांच्या जोड्यांच्या मजकुरात) येत असतील, तर जेसन-एलडी या त्याच्या विस्ताराचा ‘कॉन्टेक्स्ट’ जोडून मूळ संदेशाला धक्का न लावता त्यातील प्रत्येक नावाला अर्थ देता येतो. त्याचप्रमाणे प्रत्येक मापन ट्रिपलमध्ये साठवण्याचा हट्ट धरू नये. दर १० सेकंदांनी मोजणारा एक सेन्सर दिवसात ८,६४० मापने देतो. प्रत्येक निरीक्षणाला सहा ट्रिपल धरले तर एका सेन्सरमागे रोज जवळजवळ ५२,००० ट्रिपल होतात. मापने टाइम-सीरिज (वेळेनुसार आकडे साठवणाऱ्या) डेटाबेसमध्ये राहू द्यावीत, ग्राफमध्ये, म्हणजे ट्रिपलच्या जाळ्यात, केवळ संदर्भ ठेवावा: या सेन्सरची मालिका त्या डेटाबेसमध्ये या ओळखीने सापडेल. मग प्रोग्राम आधी ग्राफला ‘कोणती मालिका’ विचारतो आणि नंतर डेटाबेसकडून आकडे घेतो. इमारतीची रचना क्वचित बदलते आणि आकडे सतत बदलतात, त्यामुळे दोघांची सोय वेगळी असणे स्वाभाविक आहे.

हे जमले की मूळ प्रश्नातील खिडकीचा नियम एकदाच लिहावा लागतो. क्वेरी अशी होते: ज्या खोलीला खिडकी आहे, त्या खिडकीवर संपर्क-सेन्सर आहे आणि त्याच खोलीला उष्णता पुरवणाऱ्या यंत्रणेचा व्हॉल्व्ह आहे, अशा सगळ्या जोड्या द्या. कोणत्याही उपकरणाचे नाव त्यात येत नाही. तोच प्रोग्राम दुसऱ्या इमारतीवर, दुसऱ्या उत्पादकाच्या उपकरणांसह, न बदलता चालतो; ब्रिक घडवण्यामागची मुख्य प्रेरणा हीच होती.

आदेशानुसार काम करणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत ग्राफचा आणखी एक फायदा आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. रेडिएटरचा व्हॉल्व्ह एका प्रणालीचा आणि वातानुकूलन दुसऱ्या प्रणालीचे असते. दोघांचे नियम स्वतंत्रपणे बरोबर असतात आणि दोघे मिळून एकाच खोलीला एकाच वेळी तापवत आणि गार करत राहतात. प्रत्येक चालक उपकरण कोणत्या खोलीच्या कोणत्या गुणधर्मावर परिणाम करते हे ग्राफमध्ये लिहिलेले असेल, तर एकाच गुणधर्मावर दोन वेगळ्या नियंत्रकांचा हात आहे अशी सगळी ठिकाणे एका क्वेरीत मिळतात. मात्र त्यांपैकी कोणी माघार घ्यावी, हे ऑन्टॉलॉजी ठरवत नाही. तो प्राधान्यक्रम माणसांनी ठरवून नियंत्रणाच्या पातळीवर बसवावा लागतो. सुरक्षेशी संबंधित इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप रोखणाऱ्या व्यवस्था) तर ग्राफवर कधीही अवलंबून ठेवू नयेत. क्वेरी सर्व्हर बंद पडला तरी ते चालले पाहिजेत.

सुरुवात करताना मी कोणतीही ऑन्टॉलॉजी उघडण्याआधी कागदावर पाच-सहा प्रश्न लिहून घेतो: प्रणालीने ज्यांची उत्तरे दिलीच पाहिजेत असे प्रश्न. ‘कोणत्या खोल्यांत खिडकी उघडी असताना हीटिंग चालू आहे?’, ‘हा पंप बंद केला तर कोणत्या खोल्या थंड पडतील?’ जो वर्ग किंवा संबंध यांपैकी एकाही उत्तराला लागत नाही, तो पहिल्या टप्प्यात घेऊ नये. मग एकच खोली निवडून तिचे संपूर्ण वर्णन हाताने लिहावे. त्यात साधारणपणे चाळीस-पन्नास ट्रिपल होतात, आणि तेवढ्यातच निम्मे वाद समोर येतात. त्यानंतर मजला, मग इमारत. जुन्या नावांवरून वर्गवारी सुचवणारी साधने आता बरी झाली आहेत आणि ती वापरावीत, पण त्यांचा अंदाज प्रत्यक्षात पडताळल्याशिवाय स्वीकारू नये. पडताळणीचा माझा आवडता मार्ग अगदी साधा आहे: इमारत रिकामी असताना एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, अर्धा तास थांबायचे आणि कोणत्या सेन्सरचा आलेख वर चढतो ते पाहायचे. ग्राफ एका खोलीचे नाव सांगत असेल आणि आलेख दुसऱ्याच खोलीचा चढत असेल, तर ग्राफ चुकला आहे.

शेवटची बाब मनुष्यबळाची आहे आणि ती पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावी. सेन्सर बदलणारा, हलवणारा किंवा काढून टाकणारा तंत्रज्ञ ग्राफमध्ये तशी नोंद कशी करणार? त्याला ट्रिपल लिहायला सांगणे व्यवहार्य नाही. आम्ही त्याच्या फोनवर तीन रकान्यांचा फॉर्म दिला: उपकरणावरचा क्यूआर कोड, ते आता कोणत्या वस्तूविषयी सांगते, आणि तारीख. फॉर्म भरला की मागे शॅकलची तपासणी चालते, आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय देखभालीचे काम पूर्ण झाल्याची नोंद होत नाही.